पेट्रोलची रिकामी टाकी

धार जिल्ह्याच्या कुक्षी तहसिलीतील निसरपुर हे नर्मदाखोऱ्यातील गाव. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि मागे तुंबलेले पाणी या गावात शिरले. अशा प्रसंगी माणसे, गुरे, धान्य ही प्रथम हलवावयाची. मोटारीची आठवण मागाहून होते. परंतु पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या टाकीत झाकणावाटे किंवा हवेच्या नळीवाटे पाणी उतरण्याचा संभव असतो. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे ते पाणी तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारे पेट्रोल तर तळाशीच खेचले जाते. शिवाय पेट्रोलात हल्ली इथेनॉल मिसळलेले असते. ते पाण्याला ओढून घेते, आणि पाणी फार झाले म्हणजे त्याच्यासह खाली उतरते. मग टाकी उतरवून स्वच्छ करण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर राहत नाही. कारखाना दूर असला, की हे काम घरच्या अंगणातच उरकावे असे मालकाच्या मनात येते.

काम हाताला फारसे अवघड नाही. दोन पट्टे, काही बोल्ट आणि काही नळ्या, एवढाच त्याचा पसारा. तथापि पेट्रोलचा स्वभाव ओळखल्याशिवाय पान्याला हात घालू नये. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ही वाफ हवेहून तीन-चारपट जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत जाते आणि खड्ड्यात साचते. देवघरातील समई, स्वयंपाकघरातील शेगडी, फ्रिजमधील बारीकशी ठिणगी, यांपैकी काहीही तिला पुरते. म्हणून हे काम बंद खोलीत किंवा दुरुस्तीच्या खड्ड्यावर न करता उघड्यावर, घरापासून दूर करावे. विडी-काडी जवळ नसावी, आणि वाळूची बादली व अग्निशामक हाताशी असावे.

पुरात सापडलेल्या गाडीचे इंजिन चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. पंपाचा फ्यूज काढावा आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. तार सोडविताना ठिणगी उडू शकते, म्हणून हे काम पेट्रोलची नळी उघडण्यापूर्वीच झाले पाहिजे. नळीत दाब राहिलेला असतो. तिचा सांधा फडके गुंडाळून हळूहळू सैल करावा. पेट्रोल काढावयाचे ते हातपंपाने. तोंडाने नळी ओढण्याची रीत सर्वपरिचित आहे, पण एक घोट जरी फुप्फुसात गेला तरी जिवावर बेततो. काढलेले पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, डबा जमिनीवर ठेवून भरावे. परवान्याशिवाय असे पेट्रोल एकूण तीस लिटरपर्यंतच बाळगता येते, आणि धातूचा एक डबा पंचवीस लिटरांहून मोठा चालत नाही. पाणी मिसळलेले पेट्रोल गटारात किंवा नदीत ओतू नये, हे वेगळे सांगावयास नको.

नंतर चाकांना पाचर द्यावी आणि गाडी मजबूत आधारांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चळतीवर उभ्या गाडीखाली शिरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. टाकीखाली फळी घालून दुसरा जॅक लावावा, मग पट्टे सोडावेत. टाकी चार बोटे खाली आली की थांबावे. वरच्या बाजूच्या नळ्या व तारा तेव्हाच हाताला येतात. प्रत्येकीला खुणेची चिठ्ठी बांधून ती सोडवावी.

टाकी अंगणात उतरली, की मालकाला हायसे वाटते; आणि खरा धोका येथेच सुरू होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते, की जळण्यास लागणारी हवा तिला मिळत नाही. रिकाम्या टाकीत मात्र हवा मुबलक असते. हवेत पेट्रोलची वाफ शेकडा दीड ते साडेसात या प्रमाणात मिसळली, की ते मिश्रण स्फोटक होते. चाळीस लिटरांच्या टाकीत उरलेले एक चहाचा चमचाभर पेट्रोल तेवढ्यास पुरेसे आहे! एवढे तर पत्र्याच्या सांध्यांत आणि गंजाच्या थरातही लपून राहते. वास गेला, उन्हात वाळविली, पाण्याने विसळली, म्हणून टाकी निर्धोक झाली असे मुळीच नव्हे. तिला घरी डाख देण्याचा किंवा झाळण्याचा विचारही करू नये. भोक पडले असल्यास टाकी बदलावी, नाही तर या कामातील जाणकाराकडे द्यावी.

टाकी परत बसविताना पंपाखालचे रबरी कडे नवे घालावे, नळ्या दबल्या नाहीत हे पाहावे आणि पट्टे सारखे आवळावेत. आरंभी चार-पाच लिटरच पेट्रोल ओतावे. बॅटरी जोडून किल्ली फिरवावी, पण इंजिन चालू करू नये. पंपाने दाब धरला म्हणजे प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. फडके ओले झाल्यास किल्ली तात्काळ बंद करावी. ते कोरडे राहिले, तरच गाडी आधारांवरून खाली घ्यावी.

पाण्याने ज्यांचे पुष्कळ काही नेले, त्यांना उरलेली मोटार वाचवावीशी वाटावी हे साहजिक आहे. पुढे ती हाकावयास मालक मात्र धडधाकट उरला पाहिजे.