कागदावरचा जिराफ

जुने प्राणिग्रंथ हाती आले की मी आधी जिराफाचं पान शोधतो. सिंह, हत्ती काढताना चित्रकाराचं कसंबसं निभावून जातं; जिराफापाशी मात्र तो उघडा पडतो.

1486 साली जर्मनीत माइन्झ इथं बर्नहार्ड फॉन ब्रायडेनबाख याचं यरुशलेमच्या यात्रेवरचं पुस्तक छापलं गेलं. यात्रेला त्यानं एरहार्ड रॉयविख नावाचा चित्रकार सोबत नेला होता. पुस्तकातल्या एका पानावर मगर, उंट आणि जिराफ आहेत, आणि खाली ग्वाही दिली आहे की हे प्राणी आम्ही त्या पवित्र भूमीत पाहिले, तसेच काढलेत. गंमत म्हणजे त्याच पानावर एकशिंगी घोडासुद्धा आहे! शिवाय उंटाची दोरी धरून एक शेपटीवाला, माणसासारखा प्राणी उभा आहे. त्याचं नाव ठाऊक नाही, एवढं मात्र प्रामाणिकपणे लिहिलंय. घरबसल्या वाचणाऱ्यानं यातलं खरं काय मानायचं? मला तर वाटतं, त्याला एकशिंग्यापेक्षा जिराफच अशक्य वाटला असेल.

पुढे 1559 साली मेल्किओर लोर्क यानं कॉन्स्टँटिनोपलला जिवंत जिराफ पाहून चित्र काढलं. 1607 मध्ये लंडनला एडवर्ड टॉपसेलचा चौपायांवरचा ग्रंथ निघाला, तेव्हाही आधार त्याच चित्राचा. एकानं पाहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. दुसरं करणार काय? इंग्लंडात पहिला जिवंत जिराफ पोचला तोच मुळी 1827 साली.

हा जिराफ इजिप्तच्या मुहम्मद अलीनं राजा चौथा जॉर्ज याला भेट म्हणून पाठवला होता. जाक-लोरां आगास या स्विस चित्रकारानं त्याचं तैलचित्र केलं. माझ्या मते जिराफाचं इतकं जिवंत चित्र त्याआधी युरोपात झालंच नव्हतं. इजिप्तहून आलेले रखवालदार दुधाचं भांडं पुढे करताहेत, जिराफानं मान खाली घातलीय, शेजारी उंच टोपी घातलेला एडवर्ड क्रॉस हा प्राण्यांचा व्यापारी उभा आहे, आणि मागे त्या दुधाच्या गाई. कातडीवरचा एकेक ठिपका नीट पाहून काढलेला.

फक्त पायांची कथा चित्रात नाही. हे पिल्लू सुदानात पकडलं आणि पाय बांधून उंटाच्या पाठीवरून आणलं. ते पाय पुढे कधी धड झाले नाहीत. विंडसरला त्याला उभं करण्यासाठी कप्पी लावावी लागे, आणि त्यावर लंडनच्या व्यंगचित्रकारांनी राजाची यथेच्छ टिंगल केली. म्हणून आगासच्या चित्रासोबत ती व्यंगचित्रंही पाहावीत. जिराफाचे हाल निदान त्यांत तरी दिसतात.

1829 साली तो मेला. त्याच्या कातडीत पेंढा भरण्याचं काम जॉन गूल्ड या तरुणाकडे आलं; पुढे पक्ष्यांच्या चित्रग्रंथांसाठी जगभर नाव झालं, तोच हा गूल्ड.