बोरू आपल्या हातचा
(विद्यार्थी शिबिरातील भाषण)



आजचा आमचा विषय अक्षरांचा आहे. अक्षर सुधारा असे शाळेत सर्वच गुरुजी सांगतात. ते कशाने सुधारायचे हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमचे म्हणणे असे की, देवनागरी अक्षराचा स्वभाव कळायचा असेल तर एकदा तरी बोरू स्वतः कापून पाहिला पाहिजे. आणि त्याला घोटीत पैसा लागत नाही, हे विशेष.

वडीलधाऱ्या मंडळींनी बोरू पाहिला नसला तरी 'बोरूबहाद्दर' हा शब्द ऐकला असेल. तो आता कुचेष्टेने वापरतात. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणी येऊच दिली गेली नाही, त्यांनी ती कुचेष्टा मनावर घेण्याचे कारण नाही.

आपल्या इगतपुरी तालुक्यात पाऊस मुबलक आणि बांबूला तोटा नाही. कुंपणाला लावलेली जुनी, चांगली वाळलेली काठी सर्वांत बरी. ओला बांबू घेऊ नये. त्याचे टोक शाई पिऊन फुगते आणि दोन ओळींतच अक्षर भसाडे होते. पेन्सिलीहून थोडी जाड, वीतभर लांब कामटी घ्यावी. एका टोकाला आतल्या बाजूने उतरता काप द्यावा, मऊ भाग खरवडून काढावा आणि बाहेरची कडक साल तेवढी राखावी. अक्षर ही सालच लिहीत असते. टोकाच्या मधोमध लहानशी चीर दिली की शाई खालपर्यंत उतरते. शेवटी टोक फरशीच्या तुकड्यावर ठेवून एका दाबात छाटावे.

आता मुख्य गोष्ट. टोक सरळ छाटायचे नाही, तिरके छाटायचे. आणि हा तिरकेपणा इंग्रजी लेखणीच्या उलट्या बाजूचा ठेवायचा. देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड यावी लागते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. काप साधला की नाही हे पाहायला गुणाकाराची फुली काढावी, लगेच कळते. दुकानात मिळणारे कॅलिग्राफीचे पेन बहुधा इंग्रजी कापाचे असतात. त्यांनी 'व' काढला तर जिथे जाडी हवी तिथे नेमकी बारीक रेघ येते, आणि मुलाला वाटते की आपला हातच वाईट. आम्ही अशी कितीतरी मुले पाहिली. बोरू बदलून दिला की त्याच मुलाचा 'व' तासाभरात बसतो.

बोरू तयार होईपर्यंत दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधून लिहावे. रेघ कुठे रुंदावते, कुठे मिटते ते स्पष्ट दिसते. थंड पेयाच्या डब्याचा पातळ पत्रा दुमडून काडीला बांधला तरी मोठ्या अक्षरांची झकास लेखणी होते. शाईसाठी दिव्याचे काजळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात चांगले खलावे. दौतीत सुती चिंधी घालून ठेवावी, म्हणजे बोरू गरजेपुरतीच शाई उचलतो. कागद म्हणून रद्दी वर्तमानपत्र पुरे. ते आडवे धरले की छापील रकान्यांच्या आपोआप ओळी होतात. आधी नुसत्या दांड्या, मग गोलाई, मग 'गमभन'. शिरोरेघ सर्वांत शेवटी.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाच्या काळात हा खटाटोप कशाला? तर संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी फाँट ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी (१९३६-२००८) स्वतः हाताने अक्षर काढणारे सुलेखनकार होते. नाटकांच्या जाहिरातींतली आणि शीर्षकांतली कमल शेडगे यांची अक्षरे महाराष्ट्राच्या डोळ्यांत बसली आहेत. ते २०२० साली गेले. मोडीचा अभ्यास करून सुलेखन लोकांपर्यंत नेणारे अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे भारताच्या संविधानाची मूळ प्रत छापील टाइपात नाही, हाताने लिहिलेली आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी देवनागरीत लिहिली. पानांची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांची. संविधानाचे चित्र आपल्या अनेक घरांत असते. ते जरा जवळ जाऊन पाहावे.

याहून जुना पुरावा आपल्या शेजारीच आहे. घोटीहून नाशिकला जाताना, शहर येण्याआधी त्रिरश्मी लेणी लागतात. शिलालेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते. आपण तिथे वंदनेला जातो, पण भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे बहुतेकजण न पाहताच परततात. तिथे गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, उषवदाताचे लेख आहेत. राजघराण्यांचे लेख असणारच. आम्हाला त्यापेक्षा दोन लहान लेख अधिक मोलाचे वाटतात. एका लेण्यावर मुगुदास नावाच्या 'दासका'चे नाव कोरले आहे. दासक म्हणजे मच्छीमार, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. दुसरा लेख दशपूरच्या वुधिक नावाच्या शकाचा. त्याने एक लेणे आणि पाण्याच्या दोन पोढ्या दान दिल्या, आणि स्वतःची ओळख 'लेखक' अशी सांगितली. लेखणीवर पोट भरणारा हा माणूस लेणे दान देतो आणि आपला व्यवसाय अभिमानाने दगडावर नोंदवतो! त्या काळच्या ब्राह्मी अक्षरांच्या माथ्यावर रेघेची जाड सुरुवात दिसते. रुंद टोकाच्या लेखणीने शाईत लिहिण्याच्या सवयीतून ती दगडावर उतरली, असे लिपीतज्ज्ञ मानतात. पुढच्या शिरोरेघेची ती चाहूल आहे.

आपल्या वस्तीत पूर्वी जयंतीचे फलक, मिरवणुकीचे कापडी पट्टे, विहाराच्या भिंतीवरच्या गाथा आपलीच मुले रात्र-रात्र जागून रंगवत. त्यातून काहीजण पेंटर झाले, त्यावर संसार चालवले. फ्लेक्स आला आणि ते काम पाहता पाहता गेले. फ्लेक्स स्वस्त आहे, लवकर होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण दुकानदार घाईत टाइप करतो आणि 'बुद्धं' वरचा अनुस्वार गळतो, 'धम्म' चा 'धम' होतो, आणि तोच फलक चौकात पंधरा दिवस टांगलेला राहतो. गावातल्या दोन-चार मुलांचे अक्षर पक्के असते, तर तो फलक लागण्याआधीच कोणीतरी बोट ठेवले असते.

म्हणून यंदा विहारातील देणगीदारांच्या नावांचा फलक मुलांनीच लिहावा, अशी आमची सूचना आहे. पाच रुपये देणाऱ्या आजीचे नावही त्याच मापाच्या अक्षरात यावे.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता इच्छुकांनी रद्दी वर्तमानपत्रे, एक रिकामी दौत आणि सुती चिंधी घेऊन यावे. कामट्या आम्ही वाळवून ठेवल्या आहेत. चाकू मात्र मोठ्यांच्याच हाती राहील.