सिबिल स्कोअरच नाही, मग सेकंडहँड गाडीला लोन कसं मिळणार?

ज्यांची लोकलमध्ये रेंज जाते आणि जे ऐकण्याऐवजी वाचतात, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त माझे "अं... म्हणजे" काढून टाकलेत.

आजचा विषय: पहिली गाडी घ्यायची आहे, सेकंडहँडच परवडते, आणि आजवर एक रुपयाचंही कर्ज घेतलेलं नाही.

वरळीत ही चर्चा सारखी कानावर येते. २००९ पासून सी लिंक डोळ्यांसमोर आहे, २०२४ पासून कोस्टल रोडही आला, आणि दोन्हीवर बाइकला बंदी. म्हणजे रस्ता दारात, पण आपली बाइक घेऊन फिरायचं जुन्याच ट्रॅफिकमधून. त्यात १४ ऑगस्ट २०२५ ला इथल्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात गेल्यावर माणूस पुढचा विचार करणारच ना. करावाच.

माझा एक मित्र आहे, वय २६, ऑफिस लोअर परळला. पगार वेळेवर येतो, सगळे व्यवहार यूपीआयने. साडेचार लाखांची एक जुनी हॅचबॅक त्याने बघून ठेवली होती. एका ठिकाणी लोनला अर्ज केला, तर दोन मिनिटांत उत्तर: "सर, तुमचा स्कोअरच येत नाहीये, नाही होणार." त्याला वाटलं, आपला स्कोअर खराब आहे. घरी तर वेगळंच टेन्शन, कुणी आपल्या नावावर काही घेतलं की काय!

इथेच पहिला घोळ आहे. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ज्याच्या कर्जाची काही नोंदच नाही, त्याच्या रिपोर्टवर 'एनएच' किंवा उणे १ दिसतं. एनएच म्हणजे नो हिस्ट्री. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर ही 'नल' व्हॅल्यू आहे (प्लंबरवाला नळ नव्हे), शून्य नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे अजून मोजलेलंच नाही. प्रोग्रॅममध्ये या दोन्हींत गल्लत केली तर सिस्टिम कोसळते, आणि लोनच्या काउंटरवर ती गल्लत रोज होते.

आणि दिवसाला वीस वेळा क्यूआर स्कॅन केल्याने स्कोअर तयार होत नाही. ते आपलेच पैसे असतात. स्कोअरला उधारी लागते, आणि ती फेडल्याची नोंद लागते.

आता मला खरंच खटकणारी गोष्ट सांगतो. या मित्राची आई, आमच्या काकू, गेली बावीस वर्षं पतपेढीच्या सभासद आहेत. मुलीच्या लग्नाला कर्ज, घराच्या दुरुस्तीला कर्ज, एकही हप्ता चुकवलेला नाही. शिवाय भिशी. गिरणगावातली कितीतरी घरं १९८२ च्या संपानंतर अशीच तगली: पतपेढी, भिशी, नाहीतर दागिने गहाण. पण भिशीची नोंद कुठल्याच ब्युरोकडे जात नाही, आणि छोट्या पतपेढ्यांचीही सहसा जात नाही. म्हणजे तीन पिढ्या प्रामाणिकपणे कर्ज फेडणारं घर कॉम्प्युटरला दिसतं कसं? नल. आणि शून्य टक्के ईएमआयवर फोन घेतलेला पोरगा मात्र लगेच दिसतो, कारण ते कर्ज फायनान्स कंपनीचं असतं. मला हे अन्यायाचंच वाटतं.

म्हणून पहिलं काम: स्वतःचा रिपोर्ट काढून बघा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यांच्याच वेबसाइटवर जा, फॉरवर्ड आलेल्या लिंकवर नको. स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा बघा, स्कोअर कमी होत नाही. पण एजंटने तुमची फाइल एकदम पाच ठिकाणी टाकली, तर पाच चौकश्यांची नोंद होते, आणि ती पुढच्या बँकेला दिसते. एजंटला स्पष्ट सांगा, माझ्याशी बोलल्याशिवाय कुठेही फाइल टाकायची नाही.

दुसरी गोष्ट माहिती असू द्या. रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँका आणि फायनान्स कंपन्यांना सांगितलंय की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ हिस्ट्री नाही म्हणून फेटाळू नये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने लोकसभेतही हेच सांगितलं, आणि किमान स्कोअर अमुकच हवा असं रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं नाही, हेही. याचा अर्थ तुम्हाला लोन मिळण्याचा हक्क आहे असा नाही. बँक पगार बघेल, खातं बघेल, नोकरी किती जुनी ते बघेल आणि मग नाही म्हणू शकेल. पण "स्कोअर येत नाही" एवढंच कारण असेल, तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा फाइल वरच्या साहेबाकडे जाते.

मित्राने शेवटी सॅलरी अकाउंट असलेल्या बँकेत विचारलं. सरळ वाट तीच आहे, कारण तुमचा पगार दर महिन्याला येतो हे त्या बँकेला दिसतं. तिथे हिशोब कसा झाला बघा. गाडीची किंमत साडेचार लाख, पण बँकेच्या माणसाने व्हॅल्युएशन केलं चार लाख. लोन व्हॅल्युएशनवर मिळतं, मालक सांगतो त्या किमतीवर नाही. हिस्ट्री नाही म्हणून ७५ टक्के, म्हणजे तीन लाख. उरलेले दीड लाख खिशातून. हिस्ट्री नसण्याची किंमत तुम्ही अशी मोजता: जास्त डाउन पेमेंट, थोडा जास्त दर, किंवा सोबत सहकर्जदार. सहकर्जदार म्हणून आई-बाबांना घेणार असाल तर त्यांना नीट समजावून सांगा. तुमचा हप्ता चुकला तर त्यांच्याही नावावर नोंद लागते. "फक्त एक सही" असं काही नसतं.

तेवढ्यात गाडीवाल्या डीलरने दुसरी ऑफर दिली: "बँकेला कशाला जाताय, मी १० टक्क्यांत करून देतो, स्कोअर-बिअर काही नको." ऐकायला झकास! पण ते १० टक्के फ्लॅट होते. हा भाग लक्ष देऊन वाचा.

फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ तीन लाखांवरच व्याज, तुम्ही निम्मे फेडले असले तरी. तीन लाखांवर वर्षाला ३० हजार, चार वर्षांचे १ लाख २० हजार. हप्ता ८,७५०. आणि बँकेच्या रिड्युसिंग पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावून, तेच १० टक्के धरले तर हप्ता येतो साधारण ७,६०९ आणि एकूण व्याज ६५ हजारांच्या आसपास. दोन्हीकडे बोर्डावर '१०' लिहिलेलं, फरक ५५ हजारांचा. डीलरचा १० टक्के फ्लॅट हा खरा दर काढला तर साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे बँकेने हिस्ट्री नाही म्हणून १३ किंवा १४ टक्के रिड्युसिंग सांगितले, तरी ते या '१०'पेक्षा स्वस्तच. मित्राने एक्सेलमध्ये टाकून बघितलं आणि गप्प बसला.

हे पकडायला एक कागद आहे: केएफएस, की फॅक्ट स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जदाराला नवं लोन देताना तो द्यावाच लागतो. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज, प्रोसेसिंग फी, सोबत चिकटवलेला विमा असं सगळं धरून वर्षाचा खरा दर. तुम्हाला कळेल अशा भाषेत तो द्यायचा असतो, तेव्हा मराठीत मागायला लाजू नका. त्यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि त्या कागदावरची ऑफर किमान तीन कामकाजाचे दिवस चालू ठेवावी लागते. त्यामुळे "सर, आजच सही करा, उद्या रेट बदलेल" असं कुणी म्हटलं, की कागद घ्या आणि घरी या.

घाई नसेल तर माझं मत: सहा महिने थांबा. छोटी एफडी करून त्यावर क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर फक्त मोबाइलचं बिल आणि किराणा, आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरा. 'मिनिमम ड्यू' नाही, पूर्ण. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसायला लागतो. मित्राला थांबायचं नव्हतं, कारण बाबांना आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलला न्यावं लागतं. त्याने बँकेचं लोन घेतलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता गाडीचे कागद, पटकन. पैसे देण्याआधी परिवहनच्या साइटवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर आरसी तपासा. जुन्या मालकाचं कर्ज बाकी असेल तर तिथे बँकेचं नाव दिसतं. ते असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. ई-चलान किती पेंडिंग आहेत तेही बघा, नाहीतर दुसऱ्याच्या स्पीडिंगचा दंड तुम्ही भराल. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, तुमच्या लोनची नोंद करायला फॉर्म ३४. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकासोबत जातो, तो गाडीचा नसतो. तेव्हा "विमा स्वस्त पडेल" या बोलण्यावर जाऊ नका.

वरळीकरांचं आरटीओ ताडदेवला, एमएच-०१. मित्राची आरसी अजून यायची आहे. तुमच्या कुणाला लोन नाकारताना लेखी कारण मिळालं असेल तर त्याचा फोटो पाठवा, नाव आणि नंबर झाकून. पुढच्या भागात तेच वाचू. चला, भेटू!