साठीनंतर पुन्हा पटावर



आजचे चार शब्द आहेत ते अशा मंडळींसाठी, की ज्यांनी शाळा-कॉलेजात असताना बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळल्या, मग नोकरी, शेतीवाडी, मुलांची लग्नकार्ये यांत पट गुंडाळून ठेवला, आणि आता साठी उलटल्यावर ज्यांच्या मनाला पुन्हा हुरहुर लागली आहे. अशी माणसे आपल्या जुन्नर-आंबेगावात थोडीथोडकी नाहीत. ओतूरला कोणी निवृत्त गुरुजी असतील, घोडेगावला कचेरीतून पेन्शनीत निघालेले कोणी, मंचरला आडतीवर बसणारे कोणी. पारावर डाव टाकतात, पण स्पर्धेचे नाव काढले की म्हणतात, "छे हो, आता काय वय आहे का!"

वयाचे मागाहून पाहू. आधी हे पाहू, की तुम्ही पटावरून उठल्यापासून काय काय बदलले.

चाली लिहिण्याची रीत बदलली. पूर्वी राजापुढचे चौथे घर, वजिराच्या उंटापुढचे तिसरे घर, असे लिहीत. १९८१ पासून फिडे ही जागतिक संघटना एकच रीत मानते. उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरे, आडव्या ओळींना एक ते आठ आकडे. दोन संध्याकाळी घालवल्यात की हाताला वळण लागते. घड्याळही बदलले. चावीच्या घड्याळाचे ते लाल निशाण आठवते ना? जिंकत आलेला डाव निशाण पडल्याने जायचा. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत आकड्यांचे घड्याळ असते आणि प्रत्येक चालीमागे काही सेकंद, पुष्कळदा तीस, वाढून मिळतात. म्हाताऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे. एक सोय मात्र गेली. पूर्वी डाव तहकूब व्हायचा, पुढची चाल पाकिटात बंद करून रात्री विचार करता यायचा. संगणक आले आणि ती प्रथा संपली. आता बसलात की डाव संपेपर्यंत, तीन काय, चार तास बसायचे. आणि हो, खिशातला फोन. तो सापडला तर डाव गमावण्याची पाळी येते. बंद करून कुठे ठेवायचा ते पंचांना आधीच विचारावे.

आता वयाकडे येऊ. इमानुएल लास्कर हे नाव जुन्या खेळाडूंना ठाऊक असेल. जर्मनीचा हा गणिती १८९४ पासून १९२१ पर्यंत, सत्तावीस वर्षे, जगज्जेता होता. १९२५ नंतर त्याने स्पर्धा सोडली. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. लास्कर ज्यू, त्याला देश सोडावा लागला, मालमत्ता गेली, आणि पोटासाठी तो पुन्हा पटावर बसला. नऊ वर्षांच्या खंडानंतर, १९३४ साली झुरिकला, त्याने वजीर देऊन ऑयवेला हरवले. हाच ऑयवे पुढच्याच वर्षी जगज्जेता झाला. १९३५ साली मॉस्कोत तर कमालच. वय सहासष्ट, एकोणीस डाव, सहा जिंकले, तेरा बरोबरीत, हरला एकही नाही! ज्याने त्याचे जगज्जेतेपद घेतले होते, त्या कापाब्लांकालाही त्याने तिथे हरवले. बोटविनिक आणि फ्लोर यांच्या मागे अर्ध्या गुणाने तिसरा आला. पण पुढल्या वर्षी त्याच शहरात सहावा आला, हेही सांगितले पाहिजे. शरीर आपला हिशेब मागतेच.

भगिनींनाही एक उदाहरण सांगतो. कोनेरू हंपी मातृत्वासाठी दोनेक वर्षे खेळापासून दूर होती. परत येऊन २०१९ साली ती जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली आणि २०२४ साली पुन्हा. २०२५ च्या विश्वचषकात तिला अंतिम सामन्यात हरवले ते आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने. तेव्हा दिव्या एकोणीस वर्षांची होती, हंपी अडतीसची.

खरी गाठ इथेच आहे, मंडळी. स्पर्धेत तुमच्यासमोर तुमच्या वयाचा माणूस येईलच असे नाही. पन्नाशी आणि पासष्टी ओलांडलेल्यांसाठी निराळी जागतिक स्पर्धा भरते. पण आपल्याकडच्या खुल्या स्पर्धेत समोर नऊ वर्षांची पोर बसते, खुर्चीवरून तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. तिने मोबाईलवर हजारभर डाव घड्याळ लावून खेळलेले असतात. तुमच्या आठवणीतल्या सुरुवातीच्या चाली तिला जुन्या वाटतात. ती बहुधा तुम्हाला हरवील. जन्मभर पोरांना शिकवलेल्या गुरुजींना हे पचवणे सोपे जात नाही. जिल्ह्यात दुसरे आलो होतो तो कप कपाटात आहे. तो तसाच शाबूत राहावा, असे वाटते. मी म्हणतो, कपाला काही होत नाही, जाऊन बसावे.

तयारी मात्र वयाला धरून करावी. सुरुवातीच्या चालींच्या मागे फार लागू नका. एक पांढऱ्याने, दोन काळ्याने, पुरे. तिथे पोरांशी स्मरणाची शर्यत लावण्यात अर्थ नाही. डावाचा शेवट घोटा. राजा आणि प्यादे यांचे शेवट तुमच्या तरुणपणी जसे होते तसेच आजही आहेत, आणि घाईत खेळणारी पोरे तिथेच घसरतात. आठवड्यातून दोनदा तरी घड्याळ लावून डाव खेळा, सोबत्याला आधीच सांगून ठेवा की चाल परत द्यायची नाही. रोज तासभर चाला. पहाटेची एस. टी. धरून पुण्याला जायचे आणि सकाळच्या फेरीला बसायचे, असे करू नका. आदल्या संध्याकाळीच जाऊन नीट झोपा. दिवसाला दोन फेऱ्या असतील तर चौकशी करा. पुष्कळ स्पर्धांत एखाद्या फेरीला अर्धा गुण घेऊन विश्रांती मिळते, ती आधी अर्ज करून घ्यावी लागते.

आणि पहिलीच फेरी त्या पोरीकडून हरलात, तर कागदावर सही करा, हात मिळवा आणि तिला विचारा, "बाळ, माझी कुठली चाल तुला बरी वाटली नाही?" मुले फार सरळ सांगतात. ती बोट ठेवून दाखवील. ते टिपून घ्या, चहा प्या. तोवर दुसऱ्या फेरीच्या जोड्या फलकावर लागलेल्या असतात. चष्मा लावा आणि आपले नाव शोधा.