विकत आणलेल्या पिलांची आई कोण?

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत स्त्रीपुरुषांच्या सभेपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून कांहीं मंडळी गालांत हंसत आहेत. मास्तरानें कोंबडीच्या पिलांवर व्याख्यान द्यावें हें त्यांना हलकें वाटतें. पण मी विचारतों, आपल्या घरांत बाईमाणसाच्या हातीं तिचा स्वतःचा म्हणावा असा पैसा येतो कोठून? ऊस गेला तर त्याचा पैसा कर्जांत वळता होतो, मजुरी आली तर ती दुकानदाराच्या उधारींत जाते. चार कोंबड्या मात्र तिच्या. पोराची वही, घरांतलें मीठमिरची, दुखण्याखुपण्याची गोळी हीं पुष्कळदां अंडीं विकून येतात. म्हणून पिलूं मेलें म्हणजे त्या माउलीच्या पदराची गांठ सुटली असें समजा.

आणि पिलें मरतात किती! बाजारांतून वीस पिलें आणावीं, आठ दिवसांत दहा उरावीं, हें घरोघर चाललें आहे. मग कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो आपल्या घराला कोंबडी लाभत नाहीं. देवऋषी अंगारा देतो आणि वर नारळ घेतो. वीस पिलांत साधारण अर्ध्या तलंगा निघतात. दहा पिलें गेलीं कीं तलंगा राहिल्या पांच, आणि त्या अंड्यावर यायला पांचसहा महिने. हा तोटा नशिबाच्या माथीं मारून आपण मोकळे होतों. बांधवांनो, पिलें दृष्टीनें मरत नाहींत. तीं थंडीनें, ओलीनें, तहानेनें आणि रोगानें मरतात, आणि या चारही गोष्टी आपल्या हातांतल्या आहेत.

आपली गावठी कोंबडी पाहा. ती खुडूक होते, २१ दिवस अंड्यांवर बसते, आणि पिलें निघालीं कीं त्यांना पंखाखालीं घेते. दाणा टिपायला तीच शिकवते, घार दिसली कीं तीच ओरडते. आतां विकत मिळणारें पिलूं पाहा. तें यंत्रांत उबवलेलें असतें. बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें तयार केलेली गिरिराज घ्या, किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज व ग्रामप्रिया घ्या. या जाती अंडीं जास्त देतात, कारण त्यांचा खुडूक बसण्याचा गुण निवडीनें कमी केलेला आहे. म्हणजे त्या पिलाला आईची ऊब मिळालेली नाहीं. जो तें पैसे देऊन घरीं आणतो, त्यालाच त्याची आई व्हावें लागतें. माझें सगळें सांगणें एवढेंच आहे.

आईचें पहिलें काम ऊब. पहिल्या आठवड्यांत पिलाला ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. पुढें दर आठवड्याला ५ अंश कमी करीत जावें. उन्हाळ्यांत दोनतीन आठवडे, हिंवाळ्यांत चार आठवडे ऊब द्यावी लागते. खोलीच्या कोपऱ्यांत पिलें सोडूं नयेत, कारण गारठा लागला कीं तीं कोपऱ्यांत एकावर एक चढतात आणि खालचीं गुदमरून मरतात. दीड हात उंचीच्या पत्र्याचें किंवा पुठ्ठ्याचें गोल कुंपण करावें व मध्यें बल्ब टांगावा. जुन्या तापणाऱ्या बल्बाचा हिशेब एका पिलामागें २ वॅट असा आहे. हल्लींचे एल.ई.डी. दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत. दिवा लावला म्हणून निर्धास्त झोपलें आणि सकाळीं पिलें ताठलीं, हें त्यामुळेंच होतें. वीज जाते तेथें बाटल्यांत गरम पाणी भरून त्या फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या व वरून पोतें टाकावें, पण हवेला वाट ठेवावी. बंद खोलींत निखारे ठेवूं नयेत. त्यांच्या विषारी वायूनें पिलेंच काय, माणसेंही दगावतात.

ऊब बरोबर आहे कीं नाहीं हें पिलेंच सांगतात. दिव्याखालीं गोळा होऊन चिवचिवाट करतात तर ऊब कमी. दिव्यापासून दूर जाऊन चोंच उघडून धापतात तर ऊब जास्त. सगळीकडे पसरून दाणा टिपतात तर ठीक.

दुसरें काम दाणापाणी. पिलें घरीं आलीं कीं आधीं पाणी, मग दाणा. पहिल्या पाण्यांत थोडा गूळ घालावा. एकदोन पिलांची चोंच हातानें पाण्याला लावावी, बाकीचीं त्यांचें पाहून शिकतात. भांडें उथळ असावें व त्यांत खडे टाकावे, नाहींतर पिलें भिजतात, बुडतात. पहिल्या दिवशीं मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरावा. नंतर पिलांचें तयार खाद्य द्यावें. नुसत्या कण्यांवर हाड भरत नाहीं आणि पीसही फुटत नाहीं. तयार खाद्य परवडेनासें झालें तर तें पुरवून वापरावें आणि जोडीला वाळवी व हिरवा पाला द्यावा, पण पहिले चार आठवडे हात आखडूं नये.

खालीं साळीचें तूस दोन बोटें जाड पसरावें. पहिले दोनतीन दिवस त्यावर कागद असावा, नाहींतर पिलें तूसच खातात. ओलें झालेलें तूस रोज काढावें. ओल राहिली कीं रक्ती हगवण लागते आणि एका रात्रींत ओळच्या ओळ आडवी होते.

तिसरें काम राखण. घार, मुंगूस, बोका, घूस यांचें आपणांस ठाऊक आहे. परंतु याहून मोठा वैरी डोळ्यांना दिसत नाहीं. नवीं पिलें जुन्या कोंबड्यांत एकदम मिसळूं नयेत. जुनी कोंबडी धडधाकट दिसली तरी तिच्या अंगांत रोग असूं शकतो. त्यांना निदान तीन आठवडे वेगळें ठेवावें, आणि आधीं पिलांचें काम करून मग मोठ्यांकडे जावें.

ज्याला आपण मानमोडी म्हणतों तो राणीखेत रोग. कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत गांवावरून त्याला हें नांव पडलें. त्याच डोंगरांतील मुक्तेश्वर येथें १९४० नंतरच्या दशकांत त्यावरची लस तयार झाली, आणि ती आजही मोठ्या पक्ष्यांना टोंचतात. रोग लागल्यावर औषध नाहीं, आधीं लस हाच उपाय. ५ ते ७ दिवसांच्या पिलाच्या डोळ्यांत किंवा नाकांत लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यांत पुन्हा, आणि आठव्या आठवड्यांत टोंचणी. पण लसीची कुपी शंभर किंवा अधिक पिलांची असते. ती बर्फांत आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठीं ती फोडायची कशी, म्हणून कोणीच फोडत नाहीं आणि सगळ्यांचींच पिलें मरतात! माळ्यानें माळ्याचें, कुंभारानें कुंभाराचें पाहायचें हा रोग आधीं घालवा. दहा घरांनीं एकाच दिवशीं पिलें आणावीं, एकानें तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांतून लस आणावी, आणि एका ओट्यावर सगळ्यांचीं पिलें टिपून घ्यावीं.

एकदम पुष्कळ कोंबड्या मरूं लागल्या तर त्या ओढ्यांत टाकूं नका, बाजारांत विकूं नका, दवाखान्याला कळवा. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास बर्ड फ्ल्यू आला, तेव्हां लाखांनीं कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

आतां ज्यांच्या घरीं खुडूक कोंबडी आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. उबवायचें अंडें कोंबडा असलेल्या कळपांतलें असावें. आठदहा कोंबड्यांमागें एक कोंबडा पुरे. दुकानांतल्या अंड्यांतून पिलें निघत नाहींत, कारण तेथल्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो. अंडें सात दिवसांहून जुनें नसावें. तें माठाजवळच्या गारव्यांत, टोंक खालीं करून ठेवावें. धुवूं नये, कारण धुतल्यानें त्याचें संरक्षक कवच जातें. परगांवाहून आणलेलीं अंडीं एक रात्र तशींच विसावूं द्यावीं आणि मग दहाबारा अंड्यांवर कोंबडी संध्याकाळीं बसवावी. विषम आंकडा, मुहूर्त, दुरडींतला लोखंडाचा तुकडा यांनीं कांहीं होत नाहीं. सातव्या दिवशीं अंधारांत विजेरी धरून अंडें पाहावें. लाल शिरांचें जाळें दिसलें तर जीव आहे, नितळ दिसलें तर काढून टाकावें. एकविसाव्या दिवशीं अंडें टिचलें म्हणजे घाईनें कवच सोलूं नका. पिलाला बाहेर यायला एक दिवसही लागतो.

भगिनींनो, एक जुनी वही घ्या. पिलें किती आणलीं, किती मेलीं, कोणत्या दिवशीं मेलीं, तेव्हां रात्र गार होती काय, तूस ओलें होतें काय, हें शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला ती वही देवऋष्याहून खरें सांगेल. जी पोर आज पिलांचा हिशेब ठेवते, तिला उद्यां सोसायटीच्या वहींतला आंकडा कोणी खोटा सांगूं शकणार नाहीं.

वीसांतलीं अठरा पिलें जगलीं तर पोरांच्या ताटांत अंडें पडेल आणि चार अंडीं बाजारांतही जातील. तेवढ्यासाठीं तीन आठवडे रात्रीं एकदां उठून पिलांकडे पाहावें, एवढें मागून मी आपली रजा घेतों.