बी. डी. डी. चाळींची शंभरी
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

एखाद्या वस्तीचा वर्धापनदिन आला की स्मरणिका निघते, आणि तिच्यात बहुधा गोड आठवणीच छापल्या जातात. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींनी आता शंभरी गाठली आहे. त्यांचा सोहळा केवळ गोड आठवणींवर भागणारा नाही.

१९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. त्याचीच आद्याक्षरे म्हणजे बी. डी. डी. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, पैसा कर्जाऊ उभारायचा आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर घ्यायचा, असा बेत होता. (याच खात्याने बॅक बेचा समुद्र हटवण्याचे काम अंगावर घेतले, आणि वीर नरीमन यांनी त्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली.) प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, तेव्हाच्या डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. भाडे कामगाराला परवडेना, म्हणून आरंभीची काही वर्षे कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीतल्या चाळींचा तुरुंग केला. ज्यांच्यासाठी घरे बांधली ते बाहेर आणि सत्याग्रही आत, असा हा प्रकार!

पुढे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी या चाळी भरल्या. मध्ये लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, शौचालये सामाईक. एका खोलीत एक कुटुंब मावणे कठीण, तिथे पाहुणा, गाववाला, शिकायला आलेला पुतण्या सारेच सामावले. दार उघडे ठेवण्याची रीत प्रेमातून आली तशी अडचणीतूनही आली. या अडचणीचा भार सर्वांत अधिक स्त्रियांनी वाहिला. त्याचे गोडवे गाणे शोभत नाही.

वस्ती एकोप्याने राहिली, हेही अर्धेच सत्य आहे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेच्या वेळी दंगल उसळली आणि शेजारी शेजाऱ्याच्या विरुद्ध उभा ठाकला. त्यानंतर पाचच दिवसांनी निघालेल्या मोर्चात भागवत जाधव या तरुणाचा बळी गेला. शंभरीच्या इतिहासातून हे पान गाळले, तर उरेल ती केवळ जाहिरात. १९८२ चा गिरणी संपही याच घरांच्या चुलींपर्यंत पोहोचला. पगार थांबला, पण खोली होती म्हणून पुष्कळांना मुंबई सोडावी लागली नाही.

आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे म्हाडाकडून पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचे न्हाणीघर, स्वतःचा ओटा. जुन्या चाळीसाठी हळहळणाऱ्यांनी त्या गृहिणींना आधी विचारावे. बोळ मात्र गेला, आणि मोठ्या इमारतीच्या देखभालीचा खर्च पुढे कसा झेपेल ही चिंताही खरी आहे.

शिवडीच्या १२ चाळी बंदराच्या जमिनीवर असल्यामुळे या प्रकल्पात आल्या नाहीत. तेथे शंभरी आली ती जुन्याच खोल्यांत.