कूर्चेची घडण आणि मूळपेशींचे नियमन

उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील स्थानकाचा पूल वर्षानुवर्षे चढणाऱ्या नोकरदाराचा गुडघा जेव्हा तक्रार गुदरू लागतो, तेव्हा बहुधा हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजलेली असते. आणि तिच्यात रक्तवाहिन्याच नसल्यामुळे, त्वचेची जखम जशी भरून येते तशी ती भरून येत नाही. अस्थिमज्जेत मात्र अशा मूळपेशी असतात, की ज्यांच्यापासून अस्थी, मेद वा कूर्चा निर्माण होऊ शकते. टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा संकेत पोहोचला, की पेशीतील सॉक्स-९ हे नियामक प्रथिन दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे जनुक कार्यान्वित करते व कूर्चा घडू लागते. परंतु पुढे रंक्स-२ या प्रथिनाचा अंमल बसला, तर पेशी फुगतात, दहाव्या प्रकारचे कोलॅजेन निर्माण करतात आणि कूर्चेची वाटचाल अस्थीकडे सुरू होते. हा अंमल वेळीच रोखणे, हाच संशोधकांपुढील खरा पेच होय. स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात रोपल्याचा वृत्तांत १९९४ साली प्रसिद्ध केला. तथापि तो उपचार मर्यादित क्षतीपुरता असल्यामुळे, सर्रास झिजलेल्या गुडघ्यावर मूळपेशींचा हमखास इलाज सांगणाऱ्या जाहिरातींवर भिस्त न ठेवता अस्थिरोगतज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा, हे इष्ट.